पटावरची विसावी मुलगी

नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत मी एकच काम अगदी जीव ओतून केलं, आणि त्या कामामुळे माझी शाळा बंद पडली. एरवी मी मन लावून काम करणारा माणूस नाही, हे माझी बायको कुणालाही, न विचारता, सांगेल. अठ्ठावीस वर्षं मी जेमतेम काम करत होतो तोवर शाळा नीट चालली होती. म्हणजे दोष कशाचा ते उघड आहे. पण चौकशीच्या कागदावर हे लिहायला रकाना नव्हता, त्यामुळे ते राहून गेलं.

आमची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि मधल्या बोळात एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली हरवल्याला सहा वर्षं झाली. कपाटात काय आहे हे आता कुणालाच आठवत नाही, पण दरवर्षी साहित्याच्या यादीत आम्ही 'कपाटातील साहित्य, सुस्थितीत' असं लिहितो. पहिली-दुसरी सांभाळायच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचे गुडघे दुखायचे आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिसरी-चौथी माझ्याकडे. शिपाई नाही. घंटेच्या जवळ जो असेल त्याने घंटा वाजवायची.

मुलं एकोणीस. हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या अपमानाचं मूळ त्यात आहे. नियम असा होता की वीसपेक्षा कमी पट असेल ती शाळा बंद करायची आणि मुलं मोठ्या शाळेत पाठवायची. मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, मोठ्या माणसाच्या पावलांनी पाऊण तासावर. आमच्या मुलांचे बाप बेकरीत, सलूनमध्ये, गॅरेजमध्ये. आया दिवसभर लोकांच्या घरी कामाला. सकाळी त्या रस्त्यावरून मुलाला बोट धरून नेणारं माणूस निम्म्या घरांत नव्हतं. शाळा बंद झाली तर यातली काही मुलं घरीच बसणार, हे मला कळत होतं, मोठ्या बाईंना कळत होतं, फक्त नियमाला कळत नव्हतं.

एकोणीस आणि वीस यांत फरक एका मुलीचा होता. ती शिंप्याची मुलगी. गेल्या वर्षी तिच्या बापाने दुकानाची फळी ओढली, मशीन टेम्पोत चढवलं आणि ते सगळे कुठेतरी निघून गेले. कुठे ते कुणालाच माहीत नाही; निम्म्या गल्लीचे कपडे त्याच्याकडे शिवायला होते, तेही गेले. पण जाताना त्याने मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला नेला नाही.

"दाखला नेलेला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मुलगी गेलेली नाही."

मी या वाक्यात चूक शोधायचा प्रयत्न केला. नियमांच्या पुस्तकातही शोधली. सापडली नाही. फक्त एक अडचण होती. सलग गैरहजर राहिलं की नाव कमी करावं लागतं, म्हणून तिला अधूनमधून हजर दाखवणं भाग होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण ती माझ्या वर्गातली. आठवड्यातून तीन दिवस मी तिला हजर मांडायचो, दोन दिवस गैरहजर. उगाच जास्तीचं दिलं नाही. थंडीत तिला सर्दी-खोकला केला, एकदा दाढ दुखवली, एकदा मावशीचं लग्न काढलं. सख्ख्या भाचीच्या तब्येतीची इतकी चौकशी मी कधी केली नव्हती.

तेवढ्यात परिपत्रक आलं.

परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक मुलाला तक्ता वाचता आणि तयार करता आलाच पाहिजे. वर्षअखेरीआधी साहेब येऊन तपासतील. ज्या शाळेचं काम 'उत्कृष्ट' ठरेल त्या शाळेचा 'सहानुभूतीने विचार करण्यात येईल'. मोठ्या बाईंनी हे वाक्य तीनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

"सर, सहानुभूती म्हणजे पट बघणार नाहीत."

"असं लिहिलंय कुठे?"

"असं कोण लिहील? तुम्ही तक्ते शिकवा. अगदी असे शिकवा की साहेबांना दुसरं काही बघायला सुचलंच नाही पाहिजे."

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांना कोणत्याही विषयावरचं मत जिन्यात अडवून सांगायची सवय आहे. त्यांनी माझ्या हातातलं परिपत्रक जिन्यातच वाचून काढलं, मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, "सर, मुलांना शिकवू नका. आधी तक्ता पाठ करून घ्या. मी सदतीस वर्षं रोज तक्ता भरला. अजून एकदाही वाचला नाही. अडलं का कुठे?" बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला रेल्वेचं वेळापत्रक वाचता येत नाही. मागच्या वेळी आपण परतीची गाडी धरून निघालो होतो." हे खरं असलं तरी पोस्टमास्तरांसमोर बोलायची काही गरज नव्हती.

सुरुवात कार्यालयाने दिलेल्या छापील तक्त्याने केली. त्यात पाच कंपन्यांनी पाच वर्षांत किती ट्रॅक्टर विकले ते होतं. चौथीतल्या बेकरीवाल्याच्या मुलाला मी वाचायला उभं केलं. तो एका ओळीत, एका दमात, कवितेसारखं वाचत गेला: "कंपनीचे नाव पहिले वर्ष दुसरे वर्ष तिसरे वर्ष..." आणि शेवटच्या आकड्यावर येऊन त्याने नमस्कार केला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "तिसऱ्या वर्षी सगळ्यांत जास्त ट्रॅक्टर कुणी विकले?" मग एक आवाज आला, "सर, ट्रॅक्टर विकायला आलाय का?"

तेव्हा मी ठरवलं की ट्रॅक्टर बाजूला ठेवायचा आणि मुलांच्या रोजच्या गोष्टींचे तक्ते करायचे. त्यासाठी चौकटीचे मोठे कागद हवेत म्हणून साहित्य विभागाकडे मागणीपत्र दिलं. मागणीपत्रही तक्त्यातच होतं, तीन प्रतींत, आणि माझा सातवा रकाना एक घर खाली सरकला होता हे मला नंतर कळलं. दीड महिन्याने आम्हाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ चालू आहे की बंद याचा तक्ता दर महिन्याला पाठवायचा अशी चिठ्ठी त्याबरोबर होती. कागद मी शेवटी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर भागवले.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगी होती, इस्त्रीवाल्याची. तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, कारण तिच्या हातात कायम एक लाकडी पट्टी असायची आणि ती पट्टीशिवाय रेघ मारायची नाही, अगदी जमिनीवर खेळायच्या चौकटीसुद्धा. बोलायची कमी. पण रकाना म्हणजे काय आणि ओळ म्हणजे काय हे सगळ्यांत आधी तिला कळलं. तिने पट्टी तक्त्यावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली, आणि जिथे ओळ आणि रकाना भेटले त्या घरावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे दोघांचं आहे." मी अठ्ठावीस वर्षांत इतकं सोपं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाताना जिन्यात पोस्टमास्तरांना स्वतःहून थांबवलं.

पहिला मोठा तक्ता 'आवडतं फळ'. दोन्ही खोल्यांतल्या मुलांना विचारायचं, ताळ्याच्या खुणा करायच्या, चार झाल्या की पाचवी आडवी रेघ, मग आकडा. केळं सात, सफरचंद पाच, द्राक्षं चार, पेरू तीन. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला होता की बेरीज जुळल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. फूटपट्टी उठली.

"सर, बेरीज एकोणीस येते. दारावर पट वीस लिहिलाय."

मी छताकडे पाहिलं. छताला जळमटं होती. "शिंप्याच्या मुलीचं धरलं नसेल."

"ती गेली की सर."

"दाखला नेलेला नाही," मी म्हणालो. हे वाक्य मोठ्या बाईंच्या खुर्चीत फार भारदस्त वाटलं होतं. अठरा-वीस डोळ्यांसमोर ते कसंसंच वाटलं. मुलांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मग, मुलंच ती, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सर म्हणतात ती आहे, तर असणार. मग प्रश्न उरला तिच्या आवडत्या फळाचा. एकजण म्हणाला, ती माझं सफरचंद घ्यायची. दुसरी म्हणाली, घ्यायची नाही, तू द्यायचास. यावरून धक्काबुक्की झाली. फूटपट्टी तिच्या बाकावर शेजारी बसायची, म्हणून शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "पेरू. बिया काढून." पेरू चार झाले, बेरीज वीस झाली आणि मी त्या तक्त्यावर सही केली.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मुलांना तक्त्यांचं वेड लागलं आणि मला कौतुकाचं. मी सांगून बसलो की घरी जाऊन डोळ्यांनी दिसेल ते मोजा. दुसऱ्याच दिवशी बेकरीवाल्याच्या मुलाने दुकानाच्या काचेवर तक्ता चिकटवला: 'आजचा पाव' आणि 'कालचा पाव'. बेकरीवाला शाळेत आला तेव्हा त्याच्या कानावर अजून पीठ होतं. सलूनवाल्याच्या मुलीने खुर्चीत झोपलेल्या गिऱ्हाइकांची मोजणी केली, त्यांत पोस्टमास्तर आठवड्यात तीनदा निघाले, आणि एकदा घोरतानासुद्धा. पोस्टमास्तरांनी मला जिन्यात अडवायचं बंद केलं. हा त्या सगळ्या प्रकरणातला एकमेव फायदा म्हणावा, तर त्यांनी त्याऐवजी दारावर येऊन बोलायला सुरुवात केली.

फूटपट्टीचा तक्ता 'जळालेले कपडे' या विषयावर होता. शर्ट चार, चादर एक, साडी एक. पुढे दोन रकाने: 'गिऱ्हाइकाला सांगितलं' आणि 'नाही सांगितलं'. तिच्या बापाचा माझ्यावर राग असायचं काही कारण नव्हतं, पण राग मला आला, कारण 'नाही सांगितलं' मधला एक शर्ट, निळा, बारीक रेघांचा, माझा होता. पाठीवर कॉलरखाली डाग पडलेला तो शर्ट घालून मी दोन लग्नांना जाऊन आलो होतो.

आणि मग त्यांनी माझा तक्ता केला. 'सरांचा एक दिवस'. घड्याळ पाहिलं: सतरा. जांभई: नऊ. 'शांत बसा' म्हणाले: एक्केचाळीस. शिकवलं: सहा. तक्त्याला शीर्षक होतं, तारीख होती, बेरीज अचूक होती. मी लाल पेन हातात घेऊन चूक शोधत बसलो आणि जांभया दहा झाल्या एवढंच निष्पन्न झालं. घरी हे सांगितलं तर बायकोने दुसऱ्या दिवशी फ्रिजवर 'सांगितलेली कामं' आणि 'केलेली कामं' असा तक्ता लावला. दुसरा रकाना अजून पांढराशुभ्र आहे.

पण खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटत होतं. दिवसभर ती पोरं बोळात, अंगणात, नळापाशी काहीबाही मोजत असायची आणि दुपारी माझ्याभोवती कागद घेऊन गर्दी करायची. दोन्ही खोल्यांच्या भिंती तक्त्यांनी भरून गेल्या. प्रत्येक तक्त्याची बेरीज वीस. शिंप्याची मुलगी त्यांत सगळीकडे होती: तिचा आवडता रंग हिरवा, तिची उंची गेल्या वर्षीचीच, तिच्या घरी एक मांजर. कधी कधी तर मीसुद्धा हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबून वर पाहायचो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तर दारावर आले. "सर, एक मूल उसनं आणा. माझ्या मेव्हणीची नात आहे. बडबड करते, पण बसेल."

"उसनं मूल?" मी म्हणालो. "मी शिक्षक आहे."

"म्हणून तर सांगतोय. मी असतो तर दोन आणली असती."

मी नाही म्हणालो. माझ्या तत्त्वांमुळे म्हणालो असं मला त्या वेळी वाटलं होतं. ठरलं असं की एकोणीस हजर, एक आजारी, झाले वीस. मोठ्या बाईंनी तिला कांजिण्या दिल्या, कारण कांजिण्या झालेल्या मुलाला कुणी बोलावून घ्या म्हणत नाही.

साहेब आले ते सर्दीने बेजार होऊन. थकलेला, सभ्य माणूस. हातात मोठा रुमाल. त्यांनी भिंतीवरचे तक्ते एकेक करून वाचले, 'सरांचा एक दिवस' सुद्धा, आणि त्याच्यापुढे माझ्या मते जरा जास्तच वेळ उभे राहिले. मुलांना विचारलं, तर बेकरीवाल्याच्या मुलाने ट्रॅक्टरचा तक्ता उभा-आडवा असा वाचून दाखवला की मला त्याला मिठी मारावीशी वाटली. हजेरी विचारली, मोठ्या बाईंनी कांजिण्या सांगितल्या, साहेबांनी नुसती मान हलवली आणि नाक शिंकरलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते.

"छान," साहेब म्हणाले. "आता शेवटचं. सरांनी सांगितलेला नाही, स्वतःच्या मनाने केलेला तक्ता कुणाकडे आहे?"

फूटपट्टीने हात वर केला.

तिने दप्तरातून कॅलेंडरचा एक कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि साहेबांपुढे टेबलावर पट्टीने सपाट केला. चार महिने, चार ओळी. रकाने तीन: 'शाळा भरली ते दिवस', 'हजेरीपटावर हजर', 'मी पाहिलं'. खाली बेरीज: चौऱ्याऐंशी, पन्नास, शून्य. वर शीर्षक होतं: शिंप्याची मुलगी.

ती रोज शाळा सुटताना हजेरीपट माझ्या टेबलावरून मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायची. मीच तिला ते काम दिलं होतं. विश्वासाचं काम म्हणून.

"हे का केलंस?" साहेबांनी विचारलं.

"सर, हजेरीपटावर लिहिलंय म्हणजे ती येते," फूटपट्टी म्हणाली. "पण मला दिसत नाही. माझं कुठे चुकतंय ते शोधत होते."

साहेबांनी तक्ता बराच वेळ पाहिला. रुमाल हातातच राहिला. मग ते अगदी हळू म्हणाले, "शीर्षक आहे. बेरीज आहे. दोन ठिकाणची माहिती घेऊन तुलना केली आहे." आणि त्यांनी त्यांच्या फॉर्मवर, मला दिसेल अशा बेताने, 'उत्कृष्ट' असं लिहिलं. त्यानंतर त्यांनी हजेरीपट मागितला.

फूटपट्टी अजून उभी होती. माझ्याकडे पाहत होती. बरोबर आलं की मी जे काही म्हणायचो त्याची वाट पाहत होती. मी म्हणालो, "बस खाली." आणि तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि वर्ष संपेपर्यंत नाही. वाईट वागायचं मनात नव्हतं, पण तिच्याकडे पाहिलं की मला माझी अक्षरं दिसायची, तीन दिवस हजर, दोन दिवस गैरहजर.

शाळेचा सहानुभूतीने विचार झाला. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं: 'सहानुभूतीने विचार करून सदर शाळा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे.' फूटपट्टीचा तक्ता त्या पत्राला जोडला होता, 'सोबत: एक' म्हणून. शेवटच्या दिवशी आम्ही कपाट कुलपासकट टेम्पोत चढवलं. मोठ्या बाईंनी लवकर निवृत्ती घेतली. जाताना त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही फारच चांगलं शिकवलंत हो." त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला समजलं नाही. चौकशीत मी 'अनवधानाने' असं लिहून दिलं. पन्नास वेळा अनवधानाने.

शिक्षा म्हणून मला शिकवण्यातून काढून कार्यालयाच्या आकडेवारी विभागात बसवलं, कारण, आदेशातलेच शब्द, 'तक्त्यांची विशेष जाण'. तिथे माझ्यासमोर एक कारकून बसतो. तो दिवसभर बोलत नाही आणि साडेपाचला 'चला' म्हणतो. नव्या वर्षाच्या पाचव्या महिन्यात बंद शाळांचा तक्ता माझ्याकडे आला. सातव्या ओळीत आमची शाळा होती. विद्यार्थी एकोणीस, पैकी चौथी पास होऊन पुढे गेलेले पाच, मोठ्या शाळेत दाखल तेरा.

"पाच आणि तेरा अठरा," मी कारकुनाला म्हणालो. "एक कुठंय?"

त्याने माझ्याकडे न पाहता शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं. रकान्याचं नाव 'इतर'. त्यात एक.

तो एक कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी निघालो तेव्हा साडेपाच वाजले नव्हते. कारकून म्हणाला, "अजून वेळ आहे," आणि पुढे काही विचारलं नाही.

इस्त्रीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा आणि गाठोडी. मला पाहून तो आधी कावराबावरा झाला. "सर, त्या निळ्या शर्टाचं मी सांगणारच होतो..."

"शर्टाचं राहू द्या. मुलगी शाळेत का जात नाही?"

त्याने इस्त्री उभी केली. "मी सोडायला तयार आहे, सर. दुकान उशिरा उघडेन. तीच जात नाही. आईने सांगून पाहिलं, मी एकदा मारलंसुद्धा. नाही म्हणजे नाही."

ती मागे गाठोड्यावर बसून रुमालांच्या घड्या करत होती. अगदी काटकोनात. अंगाने थोडी वाढली होती. पट्टी दिसली नाही.

"का गं जात नाहीस?" मी विचारलं.

"तिथे तीनशे मुलं आहेत."

"मग?"

"मी काहीतरी लिहीन आणि तीपण बंद होईल."

मी गाठोड्यावरच बसलो, कुणाच्या तरी चादरींवर. इतक्या महिन्यांत मी माझ्या अपमानाचा, बदलीचा, पोस्टमास्तरांच्या टोमण्यांचा विचार केला होता. हिचा केला नव्हता.

"ऐक," मी म्हणालो. "शाळा तुझ्यामुळे बंद नाही झाली. मी खोटं लिहीत होतो. ती येत नव्हती आणि मी हजर मांडत होतो."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. इस्त्रीवाला दुसरीकडे पाहू लागला.

"एकदाही नव्हती आली?"

"एकदाही नाही."

ती हातातला रुमाल तसाच धरून बसली. "मला वाटायचं मी खिडकीतून बाहेर बघते तेव्हा ती येऊन जाते. म्हणून मी बाहेर बघायचं बंद केलं होतं." मग तिने विचारलं, "म्हणजे माझा तक्ता बरोबर होता?"

"बरोबर होता."

"सगळा?"

"सगळा. माझ्या वर्गात इतका चांगला तक्ता कुणी केला नाही."

"मग तेव्हाच सांगायचं ना, सर."

"हो," मी म्हणालो. "तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरलो होतो."

तिने रुमालाची घडी पुरी केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. मी म्हणालो, उद्या सकाळी मी येतो, आपण दोघं चालत मोठ्या शाळेत जाऊ, तिथल्या बाईंशी मी बोलतो. आठ वाजता, इथेच, जिन्यापाशी.

तिने मला नीट न्याहाळून पाहिलं आणि विचारलं, "खरंच येणार, का नुसतं पटावर?"